आधी कान, मग सबटायटल

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे अभियांत्रिकीच्या वर्गातले इंग्रजी कानावरून निघून जाते आणि रोज दोन तास व्हिडिओ पाहूनही फरक पडत नाही, हे वाचून वाईट वाटले. तुझे कष्ट कमी पडलेले नाहीत. तू खालची सबटायटल वाचत राहतेस, आणि डोळ्यांना आयते मिळाले की कान स्वस्थ बसतो.

म्हणून दोन तासांऐवजी तीन मिनिटांचा तुकडा घे. विषय तुला आधीच येणारा असावा, म्हणजे आशयाशी झगडावे न लागता सारे लक्ष आवाजावर राहील. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमावर न्यूटनच्या नियमांपासून सर्किटपर्यंतची व्याख्याने मोफत आहेत. तिथले उच्चार आपल्या ओळखीचे असल्यामुळे सुरुवात तिथून कर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरकडे, म्हणजे तिथल्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांकडे, महिन्याभराने वळ.

पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून नुसते ऐक. मग थांबत थांबत, जे ऐकू येईल ते शब्दन्‌शब्द वहीत लिही आणि न कळलेल्या ठिकाणी रिकामी जागा सोड. त्यानंतरच सबटायटल लावून लाल पेनाने दुरुस्ती कर. (यंत्राने तयार केलेली सबटायटल पारिभाषिक शब्दांत अनेकदा चुकतात, तेव्हा त्यांना प्रमाण मानू नकोस.) आता लाल खुणा नीट पाहा. काही शब्द खरोखरच अनोळखी निघतील. पण बरेचसे तुला लिहिता-वाचता येणारेच असतील, फक्त ऐकताना ओळखू न आलेले. खरा अभ्यास या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांचा आहे.

शिक्षक ‘लुक ॲट इट’ म्हणतात तेव्हा कानावर ‘लुकॅटिट’ पडते. ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’ यांसारखे छोटे शब्द इंग्रजीत सहसा आघाताविना, म्हणजे जोर न देता, जवळजवळ गिळून उच्चारले जातात, आणि मराठीत अक्षरागणिक साधारण सारखा वेळ देण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ते सापडत नाहीत. आपल्याकडचे ‘काय करालायस?’ पहिल्यांदा ऐकणारा पुण्याचा पाहुणाही असाच गोंधळतो; ‘काय करतो आहेस’ हे त्याला येतेच की! ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरकसुद्धा बराचसा आघातावरच कळतो, आणि गणिताच्या तासाला तो चुकला तर पुढचे सारे उदाहरण हातचे जाते.

वेग पाऊणपट करायला हरकत नाही, मात्र एकदाच. शेवटचे ऐकणे मूळ वेगानेच व्हायला हवे, कारण वर्गात कोणी तुझ्यासाठी सावकाश बोलणार नाही. शेवटी तेच वाक्य शिक्षकांच्या चालीवर मोठ्याने म्हण. जो जोडउच्चार तुझ्या तोंडात बसला, तो कानाला ओळखता येऊ लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर येशील तेव्हा वही बरोबर आण. लाल खुणा पुसू नकोस. मला त्याच पाहायच्या आहेत.

तुझा हितचिंतक