जपानच्या कोहेई उचिमुराला सर्वकाळातला सर्वोत्तम पुरुष जिम्नॅस्ट का म्हणतात?

कारण तो एखाद्याच साधनाचा राजा नव्हता. फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार्स आणि हॉरिझॉन्टल बार या सहांची बेरीज म्हणजे ऑल-अराउंड. त्यात 2009 ते 2016 तो जागतिक आणि ऑलिंपिक स्पर्धांत हरलाच नाही: सहा जागतिक विजेतेपदं, लंडन आणि रिओची सुवर्णं.

रिओची फायनल तर जरूर बघा. शेवटचं साधन बाकी असताना तो युक्रेनच्या वेर्नियायेवपेक्षा 0.901 गुणांनी मागे होता. जिम्नॅस्टिक्समध्ये ही दरी मोठीच. मग हॉरिझॉन्टल बारवर 15.800 गुण, आणि उतरताना पाय जमिनीत रुतल्यासारखे, एक पाऊलही हललं नाही! तो 0.099 ने जिंकला. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण त्या उतरण्यातच आहे. अवघड कसरती इतरही करत होते, पण इतक्या स्वच्छ क्वचितच कोणी.

पुढे दुखापतींनी गाठलं. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो फक्त हॉरिझॉन्टल बारसाठी उतरला आणि पात्रता फेरीतच हात सुटून खाली पडला. तरी उठून त्याने कसरत पूर्ण केली. ते बघताना गलबलून आलं. त्याच वर्षी जन्मगावी, किताक्युशूला, तो शेवटची जागतिक स्पर्धा खेळला. जानेवारी 2022 मध्ये निवृत्त झाला.