नाव लागले म्हणजे वाटणी झाली नाही

‘वारस लागला’, ‘नाव लागले’, ‘वाटा मिळाला’ ही तीन वाक्ये तुमच्या पत्रांत एकाच अर्थाने येतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. माणूस गेला त्या क्षणी वारसाला हक्क मिळतो. तलाठ्याच्या दप्तरी नाव लागणे ही त्यानंतरची गोष्ट आणि वाटणी त्याच्याही नंतरची. खालची उत्तरे हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 धरून दिली आहेत.

वारस आणि वारसदार यांत फरक काय? (सिडको)

काही नाही. ज्याला मिळते तो वारस, जे मिळते तो वारसा.

बँकेतल्या ठेवीला वडिलांनी धाकट्या भावाला नॉमिनी केले होते. पैसे त्याचेच का? (नाशिकरोड)

नाही. बँक पैसे त्याच्या हाती देऊन मोकळी होते. त्याने ते सगळ्या वारसांना द्यायचे असतात. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिले असेल तसे. विम्याचा नियम वेगळा आहे, पॉलिसी वकिलाला दाखवा.

आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली दिंडोरीची जमीन ते 1988 मध्ये वारल्यावर वडिलांच्या वाट्याला आली. वडील ती विकत आहेत. नातू म्हणून मी अडवू शकतो का?

बहुधा नाही. ‘आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित’ हे पारावरचे ज्ञान आहे. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन 1956 नंतर वारसाने वडिलांकडे आली, तर ती वडिलांची स्वतःची. नातवाला जन्मतः वाटा नाही. पण ती खरोखर आजोबांनीच घेतली, की पणजोबांकडून आली? तसे असेल तर उत्तर बदलेल. जुने फेरफार (जमिनीवर नाव बदलल्याच्या नोंदी) काढा आणि मगच वकिलाकडे जा.

वडील 2001 साली वारले. निफाडजवळ द्राक्षबाग आहे. भाऊ म्हणतो, तुझ्या लग्नात खर्च केला, शिवाय वडील 2005 आधी गेले म्हणून मुलींना हक्क नाही. भाऊबीजेला येशील तेव्हा ‘वारस नोंदीसाठी’ सही करून जा. करू का?

ताई, कागद वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

लग्नाच्या खर्चाने मुलीचा वाटा फिटत नाही. तो फिटतो असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली हे खरे; पण मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. बाग वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. 20 डिसेंबर 2004 आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला आहे का, एवढे मात्र तपासावे लागेल.

आता त्या सहीबद्दल. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, अर्ज आणि सगळ्या वारसांची नावे लागतात. बहिणीने काही सोडून द्यावे लागत नाही. भाऊ तुम्हाला दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवण्याच्या, कार्यालयात नेत असेल, तर ते बहुधा हक्कसोड पत्र आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दस्त पिशवीत घडी करून ठेवलेला. चौथ्या पानावर ओळ होती : ‘सदर मिळकतीतील माझा हक्क व हिस्सा मी स्वखुशीने, विनामोबदला सोडला आहे.’ खाली त्यांचा अंगठा, बाजूला फोटो. त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं सातबाऱ्यावर माझं नाव लागतंय.’ नोंदलेला दस्त रद्द करायला दिवाणी दावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षे हाती असतात. त्यांची दोन वर्षे ‘भावाशी बोलून बघते’ यातच गेली होती.

भावाला मनापासून द्यायचे असेल तर जरूर द्या. पण काय देताय ते वाचून द्या. मसुदा आठ दिवस आधी घरी मागवा. ‘सणाच्या दिवशी कशाला वकील’ असे कोणी म्हणाले, तर सही सणानंतर करा.

एजंट 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून हक्कसोड करून देतो म्हणतो. चालेल? (पंचवटी)

चालणार नाही. जमीन-घराचे हक्कसोड पत्र नोंदवावेच लागते. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. हेच लोक मृत्युपत्रही स्टॅम्पवर करून पैसे उकळतात. मृत्युपत्राला साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवा.

आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव. कोणी भांडत नाही. घाई काय? (सिन्नर)

तीन महिन्यांत कळवायचे असते. वीस वर्षांत तीन वारसांचे एकोणीस होतात, त्यातले दोघे पुण्यात, एकाचा पत्ता नाही. समृद्धी महामार्गासाठी तुमच्याच तालुक्यात जमिनी गेल्या. मोबदला वाटताना पहिला प्रश्न असतो, वारस कोण. या आठवड्यात तलाठी कार्यालयात दाखल्यासह अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात आत्यांची नावे गाळू नका. एखादी आत्या वारली असेल तर तिच्या वारसांची लिहा.