गॅस स्पोअरचं चित्र: भीती ठेव, पण खोट दिसू दे

तू पाठवलेलं गॅस स्पोअरचं चित्र पाहिलं. हात चांगला आहे तुझा, पण तू गॅस स्पोअर नाही, तो ज्याच्यासारखा दिसतो तो बिहोल्डरच (मध्ये एक मोठा डोळा आणि वर देठांवर डोळे असलेला गोल राक्षस) सरळ काढलायस. टेबलावर ठेवलंस तर सगळे पळ तरी काढतील नाहीतर सगळी अस्त्रं त्यावरच संपवतील.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकापासून गॅस स्पोअर हा प्राणी आहे. प्राणी कसला, हवेत तरंगणारी बुरशीच. हिट पॉइंट (म्हणजे किती मार सोसेल तो आकडा) अवघा १! एका बाणात खलास. पण फुटला की वीस फुटांच्या आत असलेल्यांची धडगत नाही. म्हणजे नुसतं ‘बडा घर पोकळ वासा’ एवढ्यावर भागत नाही, पोकळीत वायू भरलाय हेही दिसायला हवं.

सगळ्यात आधी मधला डोळा बघ. तू त्यात बुबुळ आणि ओली चमक दिलीयेस. तिथेच तो जिवंत झाला. चमक पुसून टाक, नुसता मळकट डाग ठेव, कारण खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तर हा आंधळाच आहे. वरच्या देठांच्या टोकांना डोळ्यांऐवजी गाठी काढ, दोन-चार वाकड्या, एखादी सुकलेली. कातडी फुग्यासारखी ताणलेली हवी. दात मात्र अजिबात कोरू नकोस (हा मोह सगळ्यांनाच होतो).

छायाकृती तशीच राहू दे. लांबून बिहोल्डर वाटलाच पाहिजे, नाहीतर फसणार कोण? बदल करून झाले की खेळ न खेळणाऱ्या कुणाला तरी दाखव आणि ‘हा बघतोय का?’ एवढंच विचार.