दगड जमवायचं वेड आहे. उत्तर कॅनडातल्या खाणीवरची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय: भूशास्त्रात एम.एस्सी. झालंय, घर नागपुरात, शाळेपासून दगड जमवता, आणि आता उत्तर कॅनडातल्या यलोनाइफ शहराच्या पलीकडच्या एका हिऱ्याच्या खाणीवर कोअर टेक्निशियनचं, म्हणजे जमिनीत ड्रिल करून काढलेले दगडाचे दांडे (कोअर) हाताळायचं, काम मिळतंय. जावं का, आणि तिथे संग्रह वाढेल का?

जा. पण संग्रह वाढवायला म्हणून जाऊ नका. मीही नागपूरचाच, गिट्टीखदानचा. चार वर्षं तिकडे काढली, आणि माझ्या कपाटात त्या चार वर्षांचे मोजून तीन दगड आहेत.

हिऱ्याच्या खाणीवर जमिनीवरचा खडासुद्धा उचलायचा नसतो. तिथून निघताना झडती होते, कोणाची होईल ते आधी कळत नाही. एकदा माझ्या बुटाच्या सोलमध्ये वाटाण्याएवढा खडा अडकला होता. साधी गारगोटी. गार्डने मला खाली बसवून तो काढायला लावला, उजेडात धरून पाहिला आणि डब्यात टाकला. मागे विमानाला उभी असलेली रांग हसत होती. त्यानंतर तिथे असेपर्यंत मी निघायच्या आधी बूट ब्रशने घासायचो.

शोधमोहिमेचा कॅम्प मिळाला तर गोष्ट वेगळी. तिथे लाकडी फळ्यांवर उभारलेले तंबू, तेलाची शेगडी, कामावर जायला हेलिकॉप्टर. दगड भरपूर, पण प्रत्येक बॅग तराजूवर चढते. बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून जो बर्फाचा रस्ता होतो तो साधारण फेब्रुवारी-मार्च असे दोन महिने चालतो, आणि वर्षभराचं डिझेल त्यावरूनच येतं. बाकी माणूस, बटाटा, औषध सगळं हवेतून. अशा ठिकाणी पाच किलोचा नाइस (पट्टेदार खडक) नेतो म्हटलं की पायलट तुमच्याकडे कसा बघतो ते एकदा अनुभवाच. वर भारतात परतताना विमान कंपनीच्या वजनाचं बंधन आहेच.

दिवस कसा जातो? दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी. कामाचा दिवस बारा तासांचा. डिसेंबरात उजेड चारेक तास, तोही क्षितिजाला टेकलेला, त्यामुळे कोअर शेडमधून बाहेर यावं तर अंधार, जावं तर अंधार. उणे चाळीसला ओल्या कोअरच्या पेट्या एकमेकींना चिकटतात आणि पेन्सिल सोडून काही लिहीत नाही. नवतप्यात ४६ अंश भोगलेल्या माणसाला एकाच वर्षात ८६ अंशांचा फरक बघायला मिळतो! जूनमध्ये थंडी जाते, तर काळ्या माश्या येतात. थंडी बरी. दारू बहुतेक कॅम्पांवर बंद. जेवण पोटभर, पण मिळमिळीत.

आता खरं मिळतं काय, ते. डोळा मिळतो. लाक द ग्रा भागात १९९१ साली चक फिप्के आणि स्टुअर्ट ब्लसन यांनी हिऱ्याचा किंबरलाइट, म्हणजे ज्यात हिरे सापडतात तो ज्वालामुखी खडक, शोधला. जुन्या हिमनद्यांनी किंबरलाइट घासून त्यातल्या खुणेच्या खनिजांचे दाणे, जांभळट पायरोप गार्नेट, हिरवे क्रोम डायॉप्साइड आणि काळे इल्मेनाइट, लांबवर पसरवले होते. फिप्के माती चाळत, हे दाणे मोजत, बर्फ ज्या दिशेने आला असेल त्या दिशेने उलट शेकडो किलोमीटर गेले. कॅनडातली पहिली हिऱ्याची खाण, एकाटी, १९९८ मध्ये सुरू झाली ती त्यातूनच. मी माझ्या पहिल्या पाळीच्या दोन आठवड्यांत बशीभर वाळूतून असे दाणे चिमट्याने वेगळे करायला शिकलो. मोहरीएवढा दाणा भिंगाखाली ओळखता येऊ लागला की नदीकाठची वाळूही तुम्हाला पहिल्यासारखी दिसत नाही. हे शिक्षण झडतीत काढून घेत नाहीत.

सुट्टीचे काही दिवस यलोनाइफमध्ये काढा. रस्त्याच्या कडेला उशांसारखे फुगलेले लाव्हाचे थर आहेत, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी पाण्याखाली थिजलेले. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यांच्यापुढे पाळण्यातलं पोर. माझ्या तीनपैकी दोन दगड तिथले, जागेच्या मालकाला विचारून घेतलेले. मात्र जुन्या सोन्याच्या खाणींभोवती हुंदडू नका. जायंट नावाच्या बंद खाणीच्या पोटात २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ साठवून ठेवलीय, आणि आसपासच्या मातीतही आर्सेनिक आहे.

आणि संग्रहाचं म्हणाल तर, बावा, तुम्ही राहता कुठे? नागपूर डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांच्या, काठावर वसलंय. पश्चिमेला तोच काळा पाषाण, बेसाल्ट, उत्तरेला त्याहून कितीतरी जुने सौसर गटाचे खडक. मानसर, कांद्री, बेलडोंगरीकडे मँगनीजच्या खदानी. तिथल्या एका खडकाला फर्मोर या भूशास्त्रज्ञाने गोंडांवरून गोंडाइट नाव दिलं. तो म्हणजे गारगोटी आणि नारिंगी-तपकिरी स्पेसर्टाइन गार्नेट. तिकडे मी जांभळं गार्नेट चाळत बसायचो आणि मनात मानसरचं नारिंगी असायचं. चालू खदानीच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय घालू नका, ते इथेही तितकंच खरं.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप पेशाने मिशनरी. दगड आणि जीवाश्म ही त्यांची हौस, पण नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म जगापुढे आणले त्यांनीच. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना ते पुराच्या ओढ्यात बुडाले. पावसाळ्यात फिरताना मला त्यांची आठवण होते, आणि मी ओढा उतरेपर्यंत थांबतो.

तर करार नीट वाचा. यलोनाइफपर्यंतचं तिकीट कोण देणार, सुट्टीतली राहण्याची सोय कोणाची, हे लेखी घ्या. मी तोंडी घेतलं होतं आणि पहिल्या दोन सुट्ट्या खिशातून गेल्या. पुडीबंद सावजी मसाला न्या, कस्टमला सांगून. दहापट भिंग न्या. हातोडा इथेच राहू द्या, परत आल्यावर मानसरच्या बाजूला लागेल.