पाण्याचा ताळेबंद: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं शिवार ८०० हेक्टर, लोकसंख्या दीड हजार, पाऊस सरासरी ५०० मिलिमीटर. बांधबंदिस्ती झाली, निम्मा ऊस ठिबकवर आला. तरी फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात. अजून कोणतं काम करावं?

उत्तर : नवं काम काढण्याआधी हिशोब मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. तुमच्या शिवारावर वर्षाला ४०० कोटी लिटर पडतं. मात्र आपल्या काळ्या पाषाणात ढोबळमानाने दहा टक्केच मुरतं, म्हणजे ४० कोटी. माणसी रोज ५५ लिटर धरलं तर पिण्या-वापरण्याला वर्षाचे ३ कोटी लागतात. चारशे जनावरांना रोजी ५० लिटरप्रमाणे पाऊण कोटी. उरले साधारण ३६ कोटी.

ठिबकवरचा ऊसही हेक्टरी १,२०० मिलिमीटर, म्हणजे १.२ कोटी लिटर पितो. फक्त ३० हेक्टर उसात सगळं संपतं! रब्बी ज्वारीला ओलीवर भिस्त ठेवून ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर तेच पाणी २४० हेक्टरला पुरतं. ठिबकने वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही, शेजारच्या एकरात नवा ऊस उभा करतं. दोष ठिबकचा नाही. वाचलेलं पाणी कोणाचं, हे गावाने ठरवलेलंच नसतं.

हिवरे बाजारने ते ठरवलं: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि रब्बीची पिकं त्या वर्षीच्या पावसावरून. त्याआधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी ठरवला. भूमिहीनालाही हक्क दिला. आमच्या मते नियम टिकण्याचं खरं कारण तेच: ज्याला वाटा नाही, तो नियम का पाळेल?

मोजमाप गावातच करा, कारण महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलेला असतोच असं नाही. रोज सकाळी साडेआठला पावसाची नोंद घ्या. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या सहा-आठ विहिरी निवडा आणि ऑक्टोबरमध्ये टेपने पातळी घ्या. मोटार आदल्या रात्रीपासून बंद हवी. नुकत्याच उपसलेल्या विहिरीची पातळी खोटी खोल दिसते. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. आकडे चावडीवर रंगवा आणि रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभा घ्या. पेरणी झाल्यावर घेतलेल्या सभेत फक्त भांडणं होतात.

नाला खोल करणार असाल तर मुरुमापर्यंतच थांबा. कठीण खडक फोडला, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि उन्हात उडून जातं.

प्रश्न : प्लास्टिक अस्तराचं शेततळं विहिरीवरून भरून ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नका भरू. जमिनीत सावलीला असलेलं, सगळ्यांचं पाणी तुम्ही उघड्यावर आणून ठेवता. ३४ बाय ३४ मीटरच्या भरलेल्या तळ्यातून, उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर दिवसाला नऊ हजार लिटरहून जास्त पाणी उडतं. अस्तरामुळे खाली काहीच मुरत नाही. पावसाळ्यात ओढ्याला वाहून जाणारं पाणीच तळ्यात घ्या. पाणी आत येतं तिथे २ बाय २ मीटरचा, मीटरभर खोल गाळखड्डा ठेवा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो उपसा, नाहीतर गाळ थेट तळ्यात जाऊन बसतो.