नाव गाळून छापलेल्या कृतिपत्रिका

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्वतः तयार केलेल्या कृतिपत्रिका मी ‘सीसी बाय-एसए ४.०’ (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, कर्त्याचं नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणालाही वापर करू देणारा) परवान्याखाली इंटरनेटवर खुल्या ठेवल्या. एका प्रकाशकाने त्या जशाच्या तशा छापून विकायला काढल्यात. माझं नाव कुठेच नाही, उलट ‘सर्व हक्क राखीव’ असं छापलंय. विक्री थांबवता येईल का?

उत्तर : ताई, तुमचा संताप रास्त आहे. पण ‘न विचारता विकलं’ हा मुद्दा नोटिशीत घेऊ नका, तो टिकणार नाही. तुमच्या परवान्यात विक्रीला मुभा आहे. ती नको असेल तर ‘एनसी’ची (व्यापारी वापर करू नये, ही) अट असलेला परवाना लागतो. तो आता लावलात तरी ज्यांनी आधीच्या परवान्याखाली मजकूर घेतला त्यांना तो लागू होणार नाही. दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

प्रकाशक अडकतो तो नावापाशी. कर्त्याचं नाव देणं, परवान्याचा उल्लेख करणं आणि पुढच्या वाचकाचे हक्क न अडवणं, या अटी त्याने मोडल्या आहेत. अट मोडली की त्याच्यापुरता परवाना आपोआप संपतो. मग उरते ती विनापरवाना छपाई, म्हणजे कॉपीराइट कायदा, १९५७ खाली सरळ उल्लंघन. आणि त्यासाठी विक्रीवर मनाई मागता येते. शिवाय कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क तुमच्याकडे वेगळा आहेच.

मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत त्याने ती सुधारली, तर परवाना पुन्हा जिवंत होतो. म्हणून नोटीस पोच मिळेल अशीच पाठवा, म्हणजे त्याला कधी कळलं यावर वाद राहत नाही. त्याने या मुदतीत नाव घालून आणि बाकीच्या अटीही पाळून पुस्तक पुन्हा आणलं तर पुढची विक्री रोखता येणार नाही, पण आधीच्या प्रतींची भरपाई मागता येईल.

नोटिशीआधी एक गोष्ट नक्की तपासा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार बहुधा नोकरी देणारा असतो. या कृतिपत्रिका खात्याच्या आदेशावरून किंवा एखाद्या प्रशिक्षणासाठी केल्या होत्या का? तसं असेल तर आधी ते कागद घेऊन स्थानिक वकिलाला भेटा. स्वतःहून केल्या असतील तर मूळ फाइली, त्यांच्या तारखा आणि परवान्याची ओळ दिसणारे स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. कॉपीराइटची नोंदणी नसली तरी अडत नाही. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो, प्रकाशकाच्या गावी जावं लागत नाही.