आईनंतर 46 वर्षांच्या अविवाहित बहिणीला फॅमिली पेन्शन मिळेल का?

मिळेल, आणि आई हयात आहे तोवर थोडी धावपळ केलीत तर विनासायास मिळेल. मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो, अजूनही ओळखीच्यांचे पेन्शनचे कागद बघून देतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे वडील केंद्राचे पेन्शनर होते, आता आईला फॅमिली पेन्शन मिळते. ‘मुलांचा हक्क 25 वर्षांपर्यंतच’ असं तुम्हाला बँकेत सांगितलं, ते मुलग्यांपुरतं बरोबर आहे. 25 वर्षं, लग्न किंवा कमाई, जे आधी होईल तिथे मुलाचं नाव संपतं. दिव्यांगत्वामुळे कमावता येत नसेल तर मात्र तहहयात मिळते. मुलींसाठी नियम बदलून बरीच वर्षं झाली. विधवा आणि घटस्फोटित मुलींना 2004 च्या आणि अविवाहित मुलींना 2007 च्या आदेशाने 25 नंतरही हक्क मिळाला. ताईचं स्वतःचं उत्पन्न महिना 9,000 रुपये आणि त्यावरची महागाई सवलत याहून कमी हवं, एवढं बघतात. भावंडांत कोणी 25 च्या आतलं किंवा दिव्यांग असेल तर आधी त्याचा नंबर.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या धाकट्या बहिणीची. ती नवऱ्यापासून वेगळी राहते, पण कोर्टात काहीच दाखल नाही, असं तुम्ही लिहिलंय. नुसतं वेगळं राहणं इथे चालत नाही. घटस्फोटाचा अर्ज आई किंवा वडील यांच्यापैकी एक तरी हयात असताना दाखल झालेला लागतो. निकाल नंतर लागला तरी चालतो. आई गेल्यावर दाखल केलात तर हा हक्क कायमचा जातो. तिला घटस्फोट घ्यायचाच असेल तर याच महिन्यात वकिलाला भेटा. पेन्शन दोघींत वाटली जात नाही. आधी थोरलीला, तिचा हक्क संपला तर धाकटीला.

आता कागद. वडिलांच्या शेवटच्या ऑफिसला आईच्या सहीचं पत्र द्या, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) झेरॉक्स जोडा आणि दोन्ही मुलींची नावं कुटुंबाच्या तपशिलात नोंदवून घ्या. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जुन्या सर्व्हिस बुकात मुलीचं नाव नुसतं ‘बेबी’ लिहिलेलं मी पाहिलंय, तर शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर वेगळंच. असा घोळ असेल तर आईचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, कारण ही माझीच मुलगी असं तिच्याइतकं ठाम कोण सांगणार? नाव नोंदलेलं नसलं म्हणून हक्क बुडत नाही, पण मग पुरावे गोळा करता करता ताईची दमछाक होईल.

वडील राज्य सरकारी नोकरीत किंवा ईपीएफवाल्या कंपनीत असते तर हे केंद्राचे नियम लागू झाले नसते. राज्याचे नियम वेगळे असतात, ते त्या राज्यापुरते बघावे लागतात. ईपीएफच्या पेन्शनमध्ये दिव्यांग सोडले तर मुलगा असो की मुलगी, 25 ला थांबते.